टाच

शोरूममधल्या पोराने आधी
बर्फातला फोटो दाखवला,
मग किंमत.
गाडी उंच, मान ताठ,
सीट आठशे पस्तीस मिलिमीटर, वजन दोनशे दहा.
मी पाच फूट दोन.
चढले. डावा अंगठा फरशीला जेमतेम लागला,
उजवा पाय हवेत,
उंच खुर्चीत बसवलेल्या लेकरासारखा.
"सवय होईल, मॅडम."

हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं.
मीच म्हणत असते रोज
लोकांच्या गुडघ्यांना.

साडेसातला ऐरोलीतून निघते.
घणसोलीत एक गोठलेला खांदा,
कोपरखैरण्यात कुणाची उजवी बाजू, जिला अजून चमचा आठवत नाही,
मग उलट फिरून विटाव्याच्या पुलाखालून
कोपरीत एक कंबर,
आणि मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी, पार उलव्याला,
बाळाराम कडूंचा खुबा.
निम्मा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये,
बाजूला कंटेनर, समोर कंटेनर,
आणि महापेच्या सिग्नलला
आरशात आणखी एक कंटेनर.

पेट्रोलच्या पावत्या काढून बसले एका रात्री.
लांबचं म्हणावं असं गेल्या वर्षी काय?
जव्हार दोनदा. हरिहरेश्वर.
आंबोली, धुक्यात, परतताना ताप.
सगळे मिळून नऊ दिवस.
नऊ.
पावती उलटी करून पुन्हा मोजले, नऊच.
पण त्या नऊ दिवसांवर मी
बाकीचं वर्ष काढते,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते मला कळेना.

कडूकाका एकाहत्तरचे. एकतीस वर्षं ट्रेलर,
न्हावाशेवा ते इंदूर.
आता खुब्यात सळई आणि हॉल ते बाल्कनी
अकरा पावलं.
"आधी टाच, काका. टाच टेकली की मग भार."
"तुजं ध्यान कुठं हाय आज?"
सांगितलं. फोटो दाखवला. बर्फाचाच, दुसरा नव्हता.
त्यांनी तो लांब धरून पाहिला
आणि म्हणाले,
"पुडं तर कोन बी नेतं, पोरी.
मागं ढकलून बग."

शनिवारी परत गेले.
म्हटलं, उतारावर लावा, तोंड खाली करून,
आणि हात लावू नका कुणी.
असं आजवर कुणी मागितलं नव्हतं म्हणे.
उंच गाडी हलली नाही.
मग हलली ती माझ्या अंगावर,
तिघे धावत आले,
चौथा इन्शुरन्सचं बोलू लागला.

कोपऱ्यात एक होती, मातकट रंगाची,
तिला फोटो नव्हता.
सातशे पासष्ट. एकशे चौपन्न.
तीही काही आपखुशीने आली नाही,
वीतभर आली, थांबली,
माझा श्वास, पुन्हा वीतभर,
पण आली.
बसले. एक टाच पूर्ण,
दुसरी अर्धी.
माझ्या धंद्यात याला प्रगती म्हणतात.

खोट आहे. नव्वदच्या पुढे
हँडल मनगटाला मुंग्या आणतं,
काच बुटकी, वारा थेट गळ्यात,
आंबोलीला मी आता
तासभर उशिरा पोचेन.
पोचू दे.
डाव्या पेटीत मशीन, जेल, रबरी पट्टे.
उजवी रिकामी ठेवली आहे.
घरी विचारतात काय भरणार तिच्यात.
मी विषय बदलते.

मंगळवारी उलव्याला बिल्डिंगच्या उतारावर
गाडी वळवत होते,
वरून हाक आली, "आन दे!"
दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत कडूकाका,
एकतीस वर्षं क्लीनरकडून ऐकलेलं
आज स्वतः ओरडत,
"आन दे, आन दे, आन दे, डावीकडं मार, आन दे!"
आणि मी पाहिलं,
मला दिशा दाखवायला
वॉकरवरचा एक हात त्यांनी सोडला होता.

"दोन्ही हात, काका! दोन्ही हात धरा!"
मी खालून ओरडले,
हँडल घट्ट धरून,
मागे, आणखी मागे.